अमेरिकन बाईची आंघोळ

चांदी कधी खोटं बोलत नाही, असं माझे बाबा म्हणत. खरं तर चांदी काहीच बोलत नसे. बोलायचे ते बाबाच. रविवारी सकाळी, बनियन-लेंग्यावर, कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत जिथून बरा उजेड यायचा त्या एकमेव खिडकीशी बसून, एका डोळ्याला भिंग लावून. समोर मखमलीच्या तुकड्यावर ते नाणं... मधोमध काळसर, कडेकडेला निळं-जांभळं, ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर उमटतात तसल्या रंगांचं. त्यावर मोकळ्या केसांची एक परकी बाई उजवीकडे पाहत असे, आणि मागच्या बाजूला छातीवर ढाल धरलेला गरुड.

अमेरिका नावाचा देश नुकता कुठे उभा राहत होता, तेव्हाचं ते नाणं. खाडीकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सोनाराने ते वितळवायला काढलं होतं. "चांदी हाय, दुसरं काय?" म्हणत त्याने ते बाबांना वजनावर दिलं. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दिवसभर लोखंडी कड्या पास-नापास करून ते घरी येत आणि मग भाजी, शेजारी, पुढारी यांचीही प्रतवारी लावत. पण खरा अधिकार त्या नाण्यावर. "आधी कपाळावरचे केस बघ," ते मला सांगत, "झीज तिथून सुरू होते. मग खांद्यावरच्या वस्त्राची घडी, मग गरुडाची छाती. पिसं मोजता आली की दर्जा वरचा." भिंगातून त्या बाईच्या गालावर दोन-तीन समांतर ओरखडे दिसत. ते टांकसाळीतल्या माणसाने वजन जुळवायला कानशीने घासलेले, म्हणून त्यांना माफी होती. हाताळलेल्या चांदीचा किंचित कडवट वास, कापडातला कापूर, खिडकीतून येणारी कारखान्यांची आंबूस हवा आणि ओहोटीला खाडीच्या चिखलाचा दर्प — माझं लहानपण या मिश्रणात मुरलेलं आहे.

आई तेव्हा बहुतेक वेळ पलंगावर असे. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. चार पायऱ्या चढली की ओठ निळसर होत. ऑपरेशन ठरलं होतं. दिवाळी झाली की नाणं विकायचं, मुंबईचा एक नाणेवाला बघायला येणार आणि त्यातून ते होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी दहा वर्षांची होते.

शाळेत वही स्वच्छ असली की दोन मार्क जास्त मिळत. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आई झोपलेली, बाबा कामावर... मी लाल दंतमंजन घेतलं, जुना ब्रश घेतला आणि मोरीत बसून त्या बाईला घासू लागले. घासू नये असं बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट सांगावी लागते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. लवंगेच्या वासाचा गुलाबी फेस नळाखाली वाहून गेला आणि हातात पांढरंशुभ्र, आरशासारखं नाणं आलं. इतकं सुंदर काही मी आजवर केलं नव्हतं.

संध्याकाळी पाटावर, लाह्याबत्ताशांच्या शेजारी, ते बाबांना दिसलं. त्यांनी भिंग आणलं, लावलं, काढून ठेवलं.

"कोणी?"

माझ्या घशात शब्द आला होता. त्याआधीच पलंगावरून आई म्हणाली, "मी घासलं. पूजेला काळं ठेवतात का कधी?"

बाबांनी नाणं पाटावर परत ठेवलं आणि निरांजन लावलं.

नंतर मी तिच्या कुशीत तोंड खुपसलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "गप्प बस गं. आजारी माणसाला कोण ओरडतंय?"

ते खरं ठरलं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. पुढच्या आठवड्यात नाणेवाला आला. त्याने नाणं उजेडात तिरकं धरून गोल फिरवलं आणि हसला. "साहेब, बाई देखणी आहे, पण तिला आंघोळ घातलीत हो. घासलेल्या नाण्याला जुन्याचा भाव येत नाही." त्याने सांगितलेल्या भावात ऑपरेशन बसत नव्हतं. बाबांनी नाणं परत मखमलीत गुंडाळलं आणि त्यानंतर आईशी बोलणं सोडलं. औषध हातात द्यायचे, उशी सारखी करायचे, पाणी द्यायचे; बोलायचे नाहीत. "अहो, ऐकलंत का..." एवढं म्हणून ती थांबायची. एका वाक्यात मी ते संपवू शकले असते. रोज सकाळी मी ते वाक्य मनात जुळवायची आणि डबा घेऊन शाळेत जायची. माघात आई गेली. नाणं नीट विकलं गेलं असतं तर ती वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तसं नाही, असंही म्हणाले नाहीत.

बाबांनाही मी सांगितलं नाही. पुढे पंचवीस वर्षं हाताशी होती. गेल्या वर्षी तेही गेले.

यंदा मी ते नाणं उलव्याच्या माझ्या घरून मुंबईला तपासायला नेलं. परीक्षक पंचविशीतली मुलगी होती. भिंगाच्या जागी तिच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि पडदा. मी दंतमंजनाचं सांगून टाकलं. ते ऐकणारी ती पहिली.

"तुमचे ओरखडे बारीक आहेत, मॅडम, हे बघा," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "पण हे खोल ओरखडे वेगळे. यांच्या तळाशी जुनं काळं बसलंय. शंभरेक वर्षांपूर्वी कोणीतरी जोरात घासलंय. नंतर चढलेल्या काळ्या थराखाली ते झाकलं गेलं होतं, पण तसंही भिंगातून दिसतं. दिसायला हवं."

"म्हणजे मी घासलं नसतं तरी?"

"तरी हाच शेरा."

नाणं आता प्लॅस्टिकच्या बंद डबीत आहे. वरच्या चिठ्ठीवर छापलंय : अस्सल. तपशील उत्तम. साफ केलेले. किती वेळा आणि कोणी, यासाठी तिच्यावर रकाना नाही.