चढावरच्या वळणावरचं घर

आमच्या आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला आम्ही सगळे बंब म्हणायचो. माणूस गोल, बुटका आणि कायम तापलेला. गाडी हौशी लोकांची. वाफेवरचं जुनं इंजिन, मागे रंगवलेले डबे. नदीच्या काठाकाठाने टोकाच्या गावापर्यंत जायचं, थोडं भटकायचं, परत यायचं. मी तिचा गार्ड. म्हणजे शेवटच्या डब्यात उभं राहून "डोकं आत घ्या" असं ओरडत राहायचं. कुणी घेत नाही, ती गोष्ट वेगळी.

बंबाचं घर वाटेतच, नदीच्या वळणावर. गाडी गावाकडे निघाली की वहिनी मागच्या पायरीवर येऊन हात करायच्या. प्रवाशांना वाटायचं, आपल्यालाच. तेही खुशाल हात हलवायचे, फोटो काढायचे. परतीच्या वेळी वहिनी शिवणकामाला गेलेल्या असायच्या. संध्याकाळी बंब घरी जाऊन सांगायचा, "आज पिवळी चादर वाळत घातली होतीस. आणि अनवाणी का उभी होतीस गं?" वहिनी खूश. धावत्या गाडीतून नवरा आपल्याला डोळे भरून बघतो, यातच त्यांना सगळं मिळायचं. गोड बोलणं वगैरे बंबाला कधी जमलंच नाही.

एके दिवशी सकाळी दोघांचं जुंपलं. कशावरून, तर आदल्या संध्याकाळी त्याने नव्या टॉवेलला काळे हात पुसले. गाडी वळणावर आली तेव्हा वहिनी मुद्दाम पुढच्या खोलीत दार लावून बसल्या. आणि नेमका त्याच दिवशी, टोकाच्या गावात पोचल्यावर, बंब इंजिनाशेजारी पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगायच्या, "रिकामी पायरी बघून गेले हो ते." ऐकवत नसे. मग एक दिवस त्या स्टेशनवर आल्या.

"भाऊजी, मला एकदा इंजिनात चढवा. तिथून त्यांना किती दिसत होतं, ते मला बघायचंय."

मी नियम सांगितले, काजळी सांगितली, भाजेल म्हणून घाबरवलं. त्या जागच्या हलेनात. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "येऊ दे रे."

टोकाच्या गावात त्या उतरल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. तोंडावर कोळशाची धूळ.

"कोळसा टाकणारा तो नवा माणूस वळणावर मान वर करत नाही."

"तिथे चढ आहे, वहिनी. कोळसा टाकायचं थांबलं, तर गाडी थांबते."

"मग ती चादर? अनवाणी उभी असल्याचं?"

आता लपवून काय उपयोग होता? "मी सांगायचो. इथे उतरला की आधी माझ्याकडे यायचा. बाहेर होती का, कशी दिसत होती, सगळं खोदून खोदून विचारायचा. तुम्हाला सांगायचं नाही, अशी मला तंबी होती."

वहिनी बाकावर टेकल्या. "म्हणजे त्या दिवशी पायरी त्यांनी बघितलीच नाही," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"पण विचारलं असेल ना?"

"विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"होत्या की. हात केला, म्हटलं." भांडणाचं तो सकाळीच मला बोलला होता. रिकामी पायरी त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"मग?"

"हसला. म्हणाला, 'वाटलंच मला. तिचा राग दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.' आणि पाणी प्यायला गेला."

वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"टिकला होता हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलात ना, तोवर टिकला होता."