सेलसमोरची टिक

नाहूरच्या ज्या धर्मादाय दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तिथे सर्व्हर रोज संध्याकाळी भिंतीवरच्या बटणापासून बंद करतात. सर्व्हर चोवीस तास चालण्यासाठी बनवलेला असतो, हे मी संस्थेच्या सेक्रेटरींना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले, "दवाखाना बंद झाल्यावर तो कोणाला तपासणार आहे?" वाचवलेल्या विजेचा त्यांना इतका अभिमान, की वार्षिक सभेत ते त्यावर आवर्जून बोलतात. या माणसाला मी मनातल्या मनात पुष्कळ हसलो आहे. पण हसणाऱ्याने निदान आपलं काम तरी केलेलं असावं. मी केलेलं नव्हतं.

काम एवढंच: दर तीन महिन्यांनी जायचं, सर्व्हर उघडून धूळ काढायची, पंखा, डिस्क, सेल तपासायचे आणि छापील कागदावर एकेकासमोर टिक करायची. खाली माझी सही आणि शेजारी दवाखान्यातल्या कोणाची तरी, म्हणजे मी आलो होतो याला पुरावा. ती सही मावशी करायच्या. मावशी सकाळी दवाखाना उघडतात, झाडलोट करतात, केसपेपर काढून देतात, आणि इतकी वर्षं हे सगळं करून कंत्राटावरच आहेत. मी जायचो, त्यांच्या हातचा चहा प्यायचो, सर्व्हरकडे लांबून बघायचो आणि सगळ्या टिका मारून मोकळा व्हायचो. कागद पुढे केला की मावशी पदराला हात पुसून, जपून एकेक अक्षर काढत सही करायच्या. आपण कशाखाली सही करतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

सेल म्हणजे नाण्याएवढा, मनगटी घड्याळात असतो तसला. वीज नसताना मशीनची तारीख, वेळ आणि सुरू होताना डिस्क कशा वाचायच्या याची सेटिंग तो सांभाळतो. इथे वीज रोज तोडली जात होती, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर. दिवाळीच्या सुमारास तो थकला. सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येऊन मशीन थांबलं. मावशींनी फोन केला. मी मुलुंडला, एका स्टेशनाच्या अंतरावर, घरीच होतो. घरीच राहिलो.

"मावशी, सगळ्यात वरच्या रांगेत एफ आणि एक असं लिहिलेलं बटण आहे, ते दाबा."

दाबलं, चालू झालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने पुन्हा फोन आला.

"सर, हे रोज काहीतरी सांगतंय. एकदा येऊन वाचा तरी."

"म्हातारं झालंय ते, बडबडतं. तुम्ही बटण दाबा आणि चहा टाका."

"आमचं म्हातारं बी बडबडायचं, सर. अन् खरंच दुखत होतं त्याला."

मी हसलो. हा किस्सा दोन मित्रांना सांगितलाही.

जानेवारीत तपासणीला गेलो तेव्हा सेलसमोर टिक केली: ठीक. पंधरा दिवसांनी एका सोमवारी मशीनने बटण दाबल्यावरही ऐकलं नाही. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणालं. मी पोचलो तेव्हा बाकांवर पेशंट खोळंबले होते आणि सेक्रेटरी मावशींसमोर उभे होते.

"तू काय दाबलंस?"

"रोजचंच दाबलं, साहेब."

"रोजचं दाबलं असतंस तर रोजच्यासारखं चालू झालं असतं ना! इंग्रजी वाचता येतं तुला? मग हात कशाला लावतेस?"

मी सर्व्हर उघडला. जाळीतून आत पडलेली झेंडूची एक पाकळी सापडली, कोणत्या दसऱ्याची कोण जाणे. मागे सेक्रेटरींनी फाईल काढली होती.

"हे बघा. पंधरा दिवसांपूर्वी सेल ठीक, डिस्क ठीक. खाली हिचीच सही. म्हणजे बिघडवलं कोणी?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझा कागद इतक्या विश्वासाने वाचत होतं. त्याच महिन्यात कायम करायच्या माणसांची यादी समितीपुढे जायची होती, आणि मावशींचं नाव तीत पहिल्यांदाच होतं. हे मला त्यांनीच पेढा देऊन सांगितलं होतं. माझी मान सर्व्हरमध्ये होती. ती बाहेर काढायला मला कोणी अडवलं नव्हतं.

स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणून बसवला. तरी चालू होईना. आतल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, त्यांना जोडी म्हणून वाचायचं हेच मशीन विसरलं होतं. ती सेटिंग कुठे लिहून ठेवायची माझी पद्धत नव्हती. डोक्यात आहे म्हणायचो. डोक्यात काही नव्हतं. तीनदा चुकून चौथ्यांदा जमलं. सेक्रेटरींनी माझी पाठ थोपटली.

"काय झालं होतं?"

"जुनं मशीन आहे. होतं असं," मी म्हणालो. या वाक्यात मी पुरता झाकला गेलो, मावशी उघड्याच राहिल्या.

टेबलावर काढून ठेवलेला जुना सेल मावशींनी उचलून पाहिला. "हा ठीक होता ना, सर?" हळूच म्हणाल्या. यादीतून त्यांचं नाव गेलं. शेरा होता निष्काळजीपणाचा.

पुढच्या तपासणीला मी कागद काढला तर मावशी स्टूल ओढून समोर बसल्या.

"आधी उघडा. मी बघते."

उघडला. धूळ काढली, सेलला मीटर लावून आकडा दाखवला. पंखा कुठला, डिस्क कुठली, सगळं विचारून घेतलं त्यांनी. चहा टाकला नाही. मग शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: मागच्या वेळी सेल तपासला नव्हता, मशीन त्यामुळे बंद पडलं, मावशींची चूक नव्हती. कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. पेन घेतलं नाही.

"वर देऊन या. आवकचा शिक्का मारून आणा, नाहीतर फाडतील ते."

सेक्रेटरी वाचून म्हणाले, "हे लेखी कशाला? उगाच तुमचंच नाव खराब."

"होऊ दे. शिक्का मारा."

"तिचं नाव आता पुढच्या वर्षीच बघता येईल हां."

"मारा तुम्ही."

शिक्का तिरका उमटला. एक झेरॉक्स तिथे ठेवून मी खाली आलो. मावशींनी शिक्क्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. मग पदराला हात पुसला आणि सही केली.