महाकवींचं मलपृष्ठ

प्रकाशकाच्या कचेरीत त्याला सगळे 'महाकवी' म्हणत. गडी कविता करायचा नाही हो! पुस्तकाच्या मलपृष्ठावर, म्हणजे मागच्या कव्हरवर, कौतुकाच्या चार ओळी लिहायचा आणि त्यात 'महाकाव्य' घुसडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. जाडजूड कादंबरी असली तर 'महाकाव्यात्मक', बारकी असली तर 'महाकाव्यसदृश', प्रवासवर्णन 'महाकाव्याच्या तोडीचं'. सायकलदुरुस्तीच्या पुस्तकालाही त्यानं 'चाकांचं महाकाव्य' करून टाकलं. पहिलं पान वाचायचं, शेवटचं वाचायचं, की झालं. शितावरून भाताची परीक्षा! वीस वर्षं हे खपलं, कारण मालकही पुस्तकं वाचत नसत.

मग त्याच्या थोरल्या बहिणीचं पुस्तक आलं. शहाण्णव पानं. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळली होती आणि ताईनं एकटीनं तिचं सगळं केलं, त्याची हकिकत. मागचा मजकूर भावानंच लिहायचा, असा ताईचा हट्ट होता. महाकवींना भरून आलं. भरल्या डोळ्यांनी त्यानं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि लिहिलं, 'मातृसेवेचं महाकाव्य'.

कव्हर छापायला जायच्या सकाळी ताईचा फोन आला. ती रागावली नव्हती, तीच तर पंचाईत.

"शब्दकोशात बघितलं मी. महाकाव्यात वीर लागतात म्हणे," ती म्हणाली. "तू चाळिसावं पान वाच, आणि मग काय लिहायचं ते लिही."

त्यानं पान काढलं. दार डावीकडे होतं, म्हणून आई डाव्याच कुशीवर पडून राहायची. मुलगा आला तर दिसावा म्हणून. त्या कुशीला जखमा झाल्या, तरी वळायची नाही. अकरा वर्षांत मुलगा दोनदा आला. दुसऱ्यांदा त्यानं चपलाही काढल्या नाहीत.

आणि या बहाद्दरानं आईच्या आजारपणाच्या नावावर दरवर्षी रजा मात्र पुरेपूर घेतली होती! आता त्याला खुर्चीत बसवेना. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत असताना त्यानं शहाण्णवच्या शहाण्णव पानं वाचली. मग जुना मजकूर खोडून नवा लिहिला. मालकांनी तो बघून कपाळाला हात लावला, पण ताईनं होकार दिला आणि तोच छापला गेला.

'यातला दोनदा आलेला मुलगा मी. हे पुस्तक मी आज वाचलं.'