एकाच मुठीची जुडी

कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसलो की सासूबाई मला बांधू द्यायच्या नाय. मी फक्त काड्या सारख्या करून त्यांच्या हातात द्यायच्या, मुठीत धरून बांधायचं काम त्यांचं. माझी मूठ लहान. मार्केटला जुड्या शेकड्यानं जातात, वजनानं नाय, आणि एका ढिगात दोन मुठींच्या जुड्या दिसल्या की व्यापारी नेमकी लहान जुडी उचलून भाव बोलतो, मग मोठ्या जुड्यांचीपण माती. लग्न होऊन मखमलाबादला आले तेव्हा पहिल्याच हंगामात हे मला कळलं. पण ह्याच्यावरनं मी पुढं विम्याचे दोन कागद ताडून बघीन असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. मी नववी नापास. कागद पुढं आला की मी तो दुसऱ्याकडं सरकवते.

तसं कागदापेक्षा मला भीती लेकीची होती. ती दोन वर्षांची असताना थंडीत तिला एकदम दम लागला. बरगड्यांमधली कातडी आत जात होती, नाकपुड्या फुलत होत्या, आणि रडायला तोंड उघडलं तर आवाजच नाय. आमचे हे तेव्हा सातपूरला कारखान्यात होते, तिथलं दवाखान्याचं कार्ड होतं, म्हणून गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला, वाफेच्या मास्कमधून औषध दिलं, पोर हसायला लागली. कार्डानं सगळं भागलं. मला त्या कार्डाचं काय एवढं वाटलं नाय तेव्हा, घरात मीठ असतं तसं ते होतं.

मग ह्यांनी नोकरी सोडून मित्राबरोबर लेथ मशीनचा शेड टाकला, आणि कार्ड गेलं. त्यानंतर लेक झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. काम करताना, भाकरी थापताना, मधेच उठून हात ठेवून यायची. हे म्हणायचे, "अगं, तिला झोपू दे ना, तुझ्या हातानंच उठंल ती." पण त्यांनापण काळजी होती, कारण त्यांनीच एक दिवस जेवताना म्हटलं, "आपण एखादा दवाखान्याचा विमा घेऊ."

विमा म्हटल्यावर आमच्याकडं एकच माणूस, दाजी. माझ्या नणंदेचे मालक, सिन्नरला राहतात, विम्याचं काम करतात. रविवारी आले, चहा घेतला, बॅगेतून रंगीत कागद काढला. "वहिनी, काही बघायचंच नाही ह्यात. पाच लाखाचं संरक्षण, सगळं घर त्यात, तुमच्या सासूबाईपण त्यात. सही करा, मी आहे ना."

त्याच आठवड्यात हे बँकेत गेले होते, तर तिथली टेबलावरची मुलगी म्हणाली, आमच्याकडंपण हाय, पाच लाखच, हप्ता थोडा जास्त, पण वर्षाला रक्ततपासणी फुकट. तिनं गुळगुळीत कागद दिला, त्यावर एक हसरं कुटुंब. मला खरं सांगायचं तर तो कागद आवडला. मुलगी नीट बोलायची, कोणाची नातेवाईक नाय, खोटं कशाला बोलंल, असं मला वाटलं. आणि दाजींबद्दल मनात एक अढी होती, की घरचा माणूस म्हणजे घरच्यांच्या गळ्यात मारणारच. पण नाय म्हटलं तर नणंद तोंड फिरवील, तीपण भीती. दोन कागद मी देवघराच्या फळीवर ठेवले आणि जाता-येता नुसती बघत राहिले. हे म्हणाले, "दोन्ही पाच लाखच ना? मग स्वस्त तो घे."

त्या दिवसांत आमची कोथिंबीर निघत होती. शेजारच्या वाफ्यावरची काकू बांधावर येऊन म्हणाली, "आमच्या जुडीला तुमच्यापेक्षा चांगला भाव लागला बाई काल. माल लागतो तसा हातात!"

सासूबाई उठल्या, काकूच्या ढिगातली एक जुडी उचलली, गाठ सोडली, आणि स्वतःच्या मुठीनं परत बांधली. एक जुडी भरली आणि अजून अर्ध्या जुडीची कोथिंबीर हातात उरली.

"ह्या उरलेल्याचं काय करू?" त्यांनी काकूला विचारलं. "भाव जास्त लागला म्हणती, पण दीड जुडी दिली की गं तू. खायला घालती व्यापाऱ्याला?"

काकू म्हणाली, "म्हातारीच्या तोंडाला लागू नये," आणि हसतच गेली. पण जाताना तिनं आपल्या ढिगाकडं दोनदा बघितलं.

मी काड्या सारख्या करत होते, हात थांबला. म्हटलं, "आई, ते विम्याचे कागद... दोन्हींवर पाच लाख लिवलंय."

"लिवलं असंल. जुडीवर जुडीच लिवत्यात. सोडून बघितलं का?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"मूठ तर हाय ना तुला. लहान का व्हईना, दोन्हीला तीच लाव." मग म्हणाल्या, "आणि ऐक, जावई हाय म्हणून घेऊ नको, नि जावई हाय म्हणून टाकूबी नको."

माझी मूठ कोणती, हे मला संध्याकाळी लेकीला घास भरवताना सुचलं. तिचं ते दुखणं. ते माझ्यासमोर झालेलं, त्यातलं सगळं मला पाठ, कोणी शिकवायला नको. ते हॉस्पिटल, आधी मोठा वॉर्ड, मग शेजारचं पोर खोकायला लागलं म्हणून वेगळी खोली, मास्कचं औषध, घरी आल्यावर परत दाखवायला बोलावलं ते. तेच दुखणं उद्या परत झालं तर हा कागद काय करील आणि तो कागद काय करील, एवढंच विचारायचं. दोघांना तेच, त्याच क्रमानं. एकाला जास्त एकाला कमी नाय.

पुढच्या रविवारी दाजी आले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. म्हटलं, "दाजी, लेकीला मागं दम लागला होता तेव्हा तुमचा कागद असता तर काय झालं असतं?"

"काय झालं असतं म्हणजे? मिळाले असते पैसे."

"तसं नाय. गंगापूर रोडचं ते हॉस्पिटल, तिथं आधी पैसे भरावे लागले असते का नाय? वेगळी खोली घेतली होती, ती चालली असती का? पाच लाख एकेकाला का सगळ्यांत मिळून?"

दाजींनी ह्यांच्याकडं बघितलं. "वहिनी कोर्टात जायला लागल्या का काय?"

सासूबाई आतनं म्हणाल्या, "विचारू द्या जावईबापू, पोर तिची हाय."

दाजी हसले, पण मग खुर्ची पुढं ओढून नीट बसले. पाच लाख सगळ्या घरात मिळून, हे त्यांनी सरळ सांगितलं. मला धक्का बसला, मी एकेकाला धरलं होतं. खोलीला बंधन नाही म्हणाले. हॉस्पिटलचं त्यांना माहीत नव्हतं, तिथल्या तिथं ऑफिसला फोन केला, रविवार असून उचलला कोणीतरी, तर ते कंपनीच्या यादीत होतं, म्हणजे आधी पैसे भरायला नकोत. सासूबाईंचं वय बघता त्यांच्या बिलातला थोडा वाटा आपल्याला भरावा लागंल, हे तर मी विचारलंच नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. आणि आधीपासूनचा आजार असंल तर त्याला पहिली काही वर्षं पैसे नाहीत.

सोमवारी बँकेत गेले, लेक कडेवर. त्या मुलीला तेच सगळं विचारलं. मनातनं वाटत होतं तिचा कागद पुढं जावा. पाच लाख तिच्याकडं एकेकाला वेगळे, तेव्हा मी मनात म्हटलं, बघा. मग तिनं कॉम्प्युटरवर बघितलं, फोन लावला, आणि हळू आवाजात सांगितलं, ते हॉस्पिटल यादीत नाही. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, त्याच्यावरची खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, बाकीचं बिलपण त्या मानानं कापलं जातं. सासूबाईंचं वय बसत नाही. आधीच्या आजाराला इथंपण तेवढंच थांबायचं.

मी म्हटलं, "ताई, खोलीचं आधी का नाय सांगितलं?"

ती खोटं बोलली नाय. म्हणाली, "कोणी विचारत नाही हो. मला पण आज नीट कळलं."

शहरात दुसऱ्या कोणाला तिचाच कागद बरा पडंल. तरणी माणसं, मोठा वॉर्ड चालणारी, घरात म्हातारं कोणी नाय. पण माझ्या मुठीत दाजींचा भरला. एवढा वेळ मी मनात त्यांना खाली धरलं होतं आणि मूठ लावली तर असं निघालं, मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

खरी भीती मात्र अजून पुढं होती. दाजी फॉर्म भरायला बसले. आधीचा काही आजार, ह्या ओळीवर पेन थांबलं. म्हणाले, "इथं नाही लिहू. एकदाच तर झालंय पोरीला. लिहिलं तर कंपनी शंका काढते, कधी नाकारतेसुद्धा. कोणाला कळतंय?"

ह्यांनी होकाराची मान हलवली. लिहिलं आणि नाकारलं तर पोर उघडी. नाय लिहिलं तर विमा मिळंल, पण तो कधी फाटंल सांगता येत नाय. मी सासूबाईंकडं बघितलं, त्या लसूण सोलत होत्या, वर बघितलंच नाय त्यांनी. मला सासूबाईंनी सांगितलेलं आठवलं, आमच्या वस्तीवर एकानं जुड्यांच्या पोटात गवत भरून पाठवलं होतं. लिलावात खपल्या. पण गिऱ्हाईकाच्या घरी जुडी सुटतेच ना, पुढच्या खेपेला त्याच्या ढिगाला कोणी हात लावला नाय.

म्हटलं, "लिहा दाजी."

"नाकारतील बरं का."

"नाकारलं तर आत्ताच कळंल. मग दुसरा बघू. मी तिला तिथं घेऊन उभी असताना नको कळायला."

माझा आवाज एवढा बारीक निघाला की दाजींनी परत विचारलं, काय म्हणालात. मी परत म्हटलं, "दम्याचं लिहा. हॉस्पिटलचं नाव पण लिहा."

त्यांनी लिहिलं. मग कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला, मलाच बोलायला लावलं, किती दिवस ठेवलं होतं, आता औषध चालू हाय का, पंप ओढते का. मी कोथिंबिरीच्या वाफ्यात उभी राहून सगळं सांगितलं, चिखलात पाय. नाकारलं नाय. कागद आला, त्यात लेकीच्या नावापुढं दम्याचं छापलेलं, त्या आजाराला थांबायची मुदत संपेपर्यंत पैसे नाहीत.

हे म्हणाले, "मग झालं काय? तिचं दुखणं तेच, आणि तेच नाय त्यात."

"आत्ता नाय, पुढं हाय. आणि बाकीचं सगळं आत्तापासनं हाय. तोवर दम्याचं आपलं आपण बघायचं, वेगळे टाकत जाऊ."

खरंच एकदा परत तिची छाती वाजली. आम्ही आमच्या पैशांनी केलं. मला वाईट वाटलं नाय, म्हणजे पैशाचं वाटलं, पण फसल्यासारखं नाय वाटलं. ते मला आधी माहीत होतं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी लेकीला डेंगू झाला. ताप उतरंना, अंगावर पुरळ, त्याच हॉस्पिटलात नेलं. हे शेडवर होते, दाजी कामानं नाशकात आलेले, ते आधी पोचले. विम्याच्या खिडकीवरच्या माणसानं कागद बघितला आणि विचारलं, "आधी कधी ॲडमिट होती का मुलगी? इथं जुनी फाईल दिसते."

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. म्हटलं, "होती. दम लागला होता. त्यात लिवलंय."

तो पानं उलटत राहिला. लेक माझ्या खांद्यावर गरम, तिचा श्वास मानेवर लागत होता, मी तो ऐकत होते.

"हो, आहे लिहिलेलं," तो म्हणाला. "हा आजार वेगळा आहे. पाठवतो मी मंजुरीला."

माझ्या शेजारी दाजींनी एवढ्या जोरात श्वास सोडला की लेकीनं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं.

संध्याकाळी मंजुरी आली. हातमोजे, कापूस असलं काहीबाही त्यात नव्हतं, ते आम्ही भरलं. सासूबाई डबा घेऊन आल्या, खाटेशी बसल्या, नातीच्या कपाळावर हात ठेवला. मग मला विचारलं, "काय म्हणाले खिडकीवर? सुटली जुडी?"

"सुटली, आई."

"गवत?"

"नाय निघालं."

त्यांनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "मग खा आधी. दुपारपासनं उपाशी असशील."