आंजेत मी ‘नको’ म्हणाले आणि उपाशी राहिले

“इतकं फ्रेंच शिकून झाशीत बोलणार कुणाशी? लक्ष्मी तालाच्या तळ्यातल्या बदकांशी?” कॉलेजच्या युरोप-अभ्यास आणि फ्रेंचच्या अभ्यासक्रमातून एक सेमिस्टर फ्रान्सला जायचं मी जाहीर केलं, तेव्हा बाबांनी विचारलं होतं. तरी स्टेशनवर बॅगा चढवायची सगळ्यात जास्त घाई त्यांचीच! दिल्लीच्या गाडीत आईने चकल्यांची शेवटची पुडी कोंबली आणि म्हणाली, “लोकांच्या घरी राहणार आहेस. हावरटासारखी वागू नकोस हं.” घोटाळ्याची सुरुवात ही अशी झाली.

आधी कामाचं सांगते. व्हिसासाठी दिल्लीची एक चक्कर धरा. पॅरिसच्या विमानतळावरूनच आंजेला, म्हणजे माझ्या विद्यापीठाच्या गावाला, थेट गाडी मिळते, पण तिकीट आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं. दुपारी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जेवा, सगळ्यात स्वस्त तेच. शनिवार-रविवारी ते बंद! आंजे छोटं, नदीकाठचं, मधोमध जाडजूड बुरुजांचा किल्ला. तो दिसला आणि मला हायसं वाटलं. आम्हा झाशीकरांना किल्ल्याशिवायच्या गावात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

माझी राहायची सोय ओदिलकडे होती. साठीची, एकटी राहणारी निवृत्त नर्स. पहिल्या संध्याकाळी तिने ओव्हनमधून बटाट्याचा पदार्थ काढला, वर चीज खरपूस झालेलं. काय तो वास! तिने एकदा वाढलं, मग विचारलं, “अजून?”

“नको, नको, पुरे,” मी म्हणाले. आणि बाई भांडं उचलून घेऊन गेली की हो!

आता आमच्याकडे पहिलं नको म्हणजे रीत. दुसरंही रीतच. तिसऱ्यांदा आई विचारतच नाही, सरळ वाढते. शेजारच्या चाची तर “अरी बिन्नू, कछू तो खा लो” म्हणत पानात पुऱ्या टाकून मोकळ्या होतात. इथे दुसऱ्यांदा कुणी विचारेचना. रोज तेच. रात्री खोलीत चकल्या चावत मी चरफडायचे. फोनवर आईला म्हणाले, “कंजूष आहे गं बाई!”

“असू दे. पण मागून खाऊ नकोस,” आईचा हुकूम.

चकल्या संपल्या आणि अभ्यासक्रमाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “ओदिलला वाटतं, तू तिच्याकडे सुखी नाहीस. तिचं काहीच तुला आवडत नाही. आम्ही दुसरं घर शोधतोय. नाहीच मिळालं, तर तुला सेमिस्टर सोडून परतावं लागेल.” बाबांच्या बदकांना काय तोंड दाखवणार होते मी?

तशीच घरी पळाले. ओदिल भाजी चिरत होती. माझं फ्रेंच तेव्हा अगदी लंगडं, पण भूक बोलायला लागली. “तुमचं जेवण फार छान आहे. मला रोज अजून हवं असतं. आमच्याकडे लगेच हो म्हणत नाहीत. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी वाट बघते.”

ओदिलच्या हातातली सुरी थांबली. “आणि मी रोज रात्री विचार करते, या मुलीसाठी आता काय रांधू! पुन्हा विचारलं तर तुला त्रास होईल, असं वाटायचं.” मग ती इतकी हसली, की मीही रडता रडता हसले. तिने माझ्यासमोर ऑफिसला फोन केला, “मुलगी कुठेही जात नाही.” छातीवरचा धोंडा उतरला बघा! त्या संध्याकाळी मी तीनदा वाढून घेतलं आणि रात्री आईला फोनवर सगळा घोटाळा सांगितला.

पुढचे महिने मजेत गेले. वर्गाबरोबर स्ट्रासबुर्गला गेलो, तिथून ट्रामने नदी ओलांडून चक्क जर्मनीत. जाऊन या, फार सोपं आहे. ट्रामपेक्षा मला ओदिलने बांधून दिलेला डबाच जास्त आठवतो. परीक्षाही पास झाले.

घरी आले त्या दिवशी आईने कोथिंबीर वड्या केल्या होत्या. “अजून?”

“नको,” सवयीने तोंडातून गेलं. आईने वड्यांचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं, वर झाकण.

“आई! अगं, पुन्हा विचार ना!”

“नाही विचारणार.” तिने झाकणावर हात ठेवला. “हावरटासारखी वागू नकोस, असं मीच म्हणाले होते. आणि माझी पोर परक्या देशात उपाशी झोपली. आता तू मागायचंस.”

मी माझी ताटली पुढे केली. “आई, भूक लागलीय. दोन वाढ.”

तिने पाच वाढल्या.