मधली हवा

लेकीनं आपल्या रेडीमेड गेमिंग कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलला आणि त्यावर राखाडी पेस्ट लावायला मला बोलावलं.

"बाबा, मटाराएवढीच! पुरणपोळीवरचं तूप नाहीये ते."

प्रोसेसर आणि त्यावर बसणारा नवा कूलर, दोन्ही गुळगुळीत. तरी नुसते टेकवले की मध्ये हवा राहते आणि उष्णता अडते, म्हणाली. दुपारचं ऊन त्या धातूवर तरंगत होतं. मी बघत राहिलो. वर्षानुवर्षं एका घरात टेकून राहिलेल्या माणसांमध्येही अशीच हवा राहत असेल, न दिसणारी.

"मला तुझ्याशी बोलताच येत नाही गं," मी एकदाचं म्हणालो. "म्हणून ओरडतो."

तिनं कूलर अलगद पेस्टवर बसवला.

"माहितीये. आता स्क्रू आवळ. एकदम नाही हं, बाबा. थोडा हा, थोडा समोरचा."