मुचादुराला हाक

१४ जानेवारी २०१२. अडीच डॉलर. डॉलरच्या दोन नोटा आणि सेंटची सुटी नाणी मिळत नाहीत म्हणून पन्नास सेंटऐवजी पाच रँडचं नाणं देऊन माई दोंदो यांनी रुसापे गावच्या बाजारातून एक तपकिरी पिल्लू आणलं.

माई शाळेचे गणवेश शिवायच्या. बोलणं मशीनसारखंच, एकदा सुरू झालं की दोरा संपेपर्यंत. आमची घरं न्यांगाला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून. एका अंगाला मी, मध्ये माई, पलीकडे सेकुरू ग्वेशे. सेकुरू म्हणजे आजोबा. सारं गाव त्यांना तसंच म्हणे. माईंचे आधीचे दोन कुत्रे त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेले होते. पोत्यातून पिल्लू काढताना त्या मला, तारिरोच्या बापाला, म्हणाल्या, "बाबा तारिरो, हा जगला पाहिजे. तिसरा खड्डा नाही खणणार मी."

"मग हाकेला येणं आधी शिकवा," मी म्हणालो. "नाव काय ठेवलंत?"

"मुचादुरा."

मी पलीकडच्या कुंपणाकडे पाहिलं. मुचादुरा म्हणजे 'तुम्ही कबूल कराल'. आमच्याकडे शेजाऱ्याला तोंडावर कोणी बोलत नाही. कुत्र्याचं नाव ठेवतात. आदल्या वर्षी माईंच्या तीन गिनी कोंबड्या नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांचा संशय सेकुरूंवर होता. नाव ऐकून सेकुरू मुखियाकडे तक्रार घेऊन गेले. मुखिया म्हणाला, "कुत्र्याचं नाव आहे, सेकुरू. तुम्ही कुत्रा आहात का?"

तरुणपणी मी एका तंबाखूच्या मळ्यावर हिशेब लिहायचो. तिथे राखणीचे कुत्रे शिकवताना पाहिले होते. तेच माईंना सांगितलं: हाक मारायची, आला की लगेच घास द्यायचा, हाक मारून बोलावल्यावर कधी मार द्यायचा नाही, रोज थोडं थोडं. माईंनी मक्याच्या उकडीची खरवड आणि सुकट डब्यात भरून ठेवली. रोज थोडं हे मात्र त्यांना पटलं नाही. दिवसातून चाळीस वेळा त्या सेकुरूंच्या कुंपणाशी उभ्या राहायच्या आणि त्यांच्या दाराकडे तोंड करून गाण्यासारखा सूर लावायच्या, "मुचा-दुराऽऽऽ!"

शेंगा सोलत बसलेले सेकुरू म्हणायचे, "माई, घसा बसेल. पाणी पाठवू?"

"पाणी नको. कबुली पाठवा."

दोन महिन्यांनी पिल्लू अचूक शिकलं, पण भलतंच. माई स्वयंपाकघरातून साध्या आवाजात बोलावत, तेव्हा ते कान खाजवत बसे. तो लांब सूर ऐकला की मात्र धावत जाई, तेही माईंकडे नाही, सेकुरूंच्या कुंपणाकडे. सगळे घास तिथेच मिळाले होते. त्यात सेकुरूही हळूच दोन शेंगा टाकत.

"लाच देता माझ्या कुत्र्याला?" माई म्हणाल्या.

"दिवसभर माझ्यासाठीची हाक ऐकून येतो. पाहुणाच आहे तो."

एप्रिलमध्ये जनावरं धुण्याच्या हौदापाशी रेबीजची लस टोचायला माणूस आला. सारं गाव कुत्री घेऊन रांगेत. माईंनी मुचादुराला गणवेशाच्या कापडाच्या पट्टीने बांधलं होतं. सुई पाहताच त्याने मान मागे ओढली, पट्टीतून सुटला आणि थेट डांबरी रस्त्यावर गेला. उतारावरून लाकडांचा ट्रक येत होता.

"मुचादुरा! अरे, ये ना!" माई ओरडल्या. आवाज घाबरून बारीक झालेला. तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध बसून ट्रककडे बघू लागला.

तेव्हा रांगेतून सेकुरू ग्वेशे पुढे आले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हुबेहूब माईंच्या सुरात आळवलं, "मुचा-दुराऽऽऽ!"

कुत्रा उठला आणि बाणासारखा येऊन सेकुरूंच्या पायांवर आदळला. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. माई धुळीत बसल्या आणि त्यांनी कुत्र्याला पोटाशी धरलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सेकुरू, हाक तर तुम्हीच मारलीत. आता कबूल कोण करणार?"

सगळा हौद हसला. सेकुरूंनी टोपी काढली. "बरं. कोंबड्या रानमांजराने नेल्या. त्याला मी काय करू? पण त्या माझ्या गवतात अंडी घालायच्या. ती मी खाल्ली. अकरा."

"अकरा?" माई उठून उभ्या राहिल्या. "अंडी जातात हे ठाऊक होतं, पण मी तर पाचच धरून चालले होते."

मग सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या, इतक्या की लसवाल्याला सुई बाजूला ठेवावी लागली.

आता माई स्वतःच्या दारात उभ्या राहून हाक मारतात, पट्टीही चामड्याची आहे. नाव तेच आहे. सेकुरू म्हणतात, ऐकायची सवय झालीय, बदलू नका.

सेकुरूंकडून अकरापैकी सात अंडी माईंकडे परत पोचली. चार बाकी आहेत.